गोदूबाईनं बुटांना तेल लावलं

चिंतूशेठ : मावशी, ते आधी बाहेर ने. बाहेर! ओट्यावर नको, त्या खालच्या पायरीवर ठेव.

गोदूबाई : का रे? तुजेच बूट हायत. सोमवारी तूच बोललास ना भर बाजारात, मावशी, दोनी जोड घरी ने, तुज्या एकनाथला घालून बगूदे, एक ठेव, एक शनवारी परत आन? आज शनवार. आनले.

चिंतूशेठ : मी चार बूट दिले होते. तू चार मुशी आणल्यास.

गोदूबाई : नाक काय धरतोस? काल तुज्या बायकोनं माज्याच पाटीतले बोंबील घेतले. तेव्हा बरं उगडं होतं नाक.

चिंतूशेठ : बोंबील ताटात असतात. हे चपलांचं दुकान आहे. आत्ता एक बाई पोरीला घेऊन चढत होत्या, अर्ध्या पायरीवरनं मागं फिरल्या. पालघर स्टेशनावर आज दिवसभर हेच चालणार, चिंतूच्या दुकानात काहीतरी मेलंय म्हणून.

जयवंती : शेठ, तेल हाय ते. मुशी माशाचं तेल. आईंनी लावलं.

चिंतूशेठ : बुटांना? का?

गोदूबाई : का म्हंजे? कातडं केवडं कोरडं होतं! होडीला लावतो तसं लावलं. दोनी जोडांना, आतून-बाहेरून. खाली त्या गोट्या हायत ना, त्यांना पन. मंग मासे सुकवायच्या वलांडीवर टांगले, बोंबलांच्या शेजारी. चांगलं दोन दिवस ऊन खाऊ दिलं.

चिंतूशेठ : बोंबलांच्या शेजारी.

जयवंती : मी नव्हते घरी. असते तर लावू दिलं नसतं. माकुणसारला माहेरी गेलेली. काल आले तर वलांडीच्या दोरीवर बोंबील, बोंबील, बोंबील, मधेच चार बूट, पुन्हा बोंबील. एकावर कावळा बसलेला.

गोदूबाई : तेला मी हाकललं. उगाच माजं नाव नको खराब करू.

चिंतूशेठ : मावशी, मला एक सांग. तुझ्या पाटीतला पापलेट मी घरी नेला. हळद-मीठ लावलं. दुसऱ्या दिवशी परत आणला आणि म्हटलं, नको, दुसरा दे. घेशील?

गोदूबाई : पाटीच तुज्या डोक्यात घालीन.

चिंतूशेठ : मग?

गोदूबाई : मंग काय मंग? मासा नासतो. बूट काय नासणार? त्याचा बैल कवाच मेलाय.

चिंतूशेठ : एकनाथ कुठे आहे? त्याला पाठव. बायकांशी मी बुटांचं बोलत नाही.

गोदूबाई : तुज्या दुकानात सगळ्या बायकाच येतात. उद्यापासून तेंचं येनं बंद करू का?

जयवंती : ते समुद्रावर गेलेत शेठ, गुरुवारपासून. आज सांजच्या भरतीला होडी लागेल. तेव्हा तुमचं दुकान बंद. आणि उद्या सकाळी बोईसरला खेळायचंय. म्हणून आमीच आलो.

चिंतूशेठ : उद्याच आहे ते? बेटेगावच्या रस्त्याचं मैदान?

जयवंती : हो. तारापूरला ते अ‍ॅटमिकचं काम चाललंय ना, तिथल्या कंत्राटदाराची टीम हाय. घोषालबाबू म्हणून एक साहेब हाय. तो सातपाटीला मासे घ्यायला आलेला, तेव्हा किनाऱ्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. ह्यांना बघून बोलला, रविवारी आओ, टीम में लिया तो नौकरी भी पक्की. पण नंगे पाँव नहीं चलेगा.

गोदूबाई : नोकरी कसली, तर खलाशाची! क्रेनला दोर बांधायचे. इथं होडीवर तांडेल हाय, सगळी होडी तेच्या शब्दावर चालते, आन तिकडं जाऊन दोर बांधणार. वर बूट स्वताचे.

जयवंती : जमिनीवरचे दोर हायत आई. बुडत नाय कोणी.

चिंतूशेठ : बरं बरं. घरातलं घरात. मला सांगा, कोणता जोड ठेवताय, कलकत्त्याचा की आग्र्याचा?

जयवंती : कलकत्ता.

गोदूबाई : आग्रा.

चिंतूशेठ : एकच ठरवून या.

गोदूबाई : ठरलेलंच हाय. एकनाथनं मला सांगितलं, आये, आग्राच बरा. एका सामन्यासाठी कशाला एवडा भारी माल?

जयवंती : मला म्हणाले, कलकत्ता ठेव. घातला की पाय मोकळा वाटतो, बॉल कुठं लागला ते कळतं. फक्त आईला आत्ताच सांगू नको.

गोदूबाई : काय बोलला?

जयवंती : आईला आत्ताच सांगू नको.

चिंतूशेठ : हा पोरगा मैदानावर पास कोणाला देतो? दोन्ही टीमला देत असेल.

गोदूबाई : तू गप. तेचं मी घरी बगते. आता तू सांग, दुकानदार हायस ना? दोन बुटांत फरक काय? दोनी काळे. दोनींना नाडी. दोनींच्या खाली गोट्या. मंग एकाच्या किंमतीत दुसऱ्याचे दोन जोड कसे येतात?

चिंतूशेठ : असं विचार. हे बघ, मी स्वतः शाळेच्या टीममध्ये गोलकीपर होतो, मला यातलं कळतं.

गोदूबाई : तू? तुला चड्डी धरता येत नव्हती रे. बाजारात फिरायचास एका हातानं चड्डी धरून. बॉल कुटल्या हातानं धरलास?

चिंतूशेठ : मावशी, वहिनींसमोर...

गोदूबाई : तिला म्हाईत हाय. सगळ्या सातपाटीला म्हाईत हाय. सांग पुडे.

चिंतूशेठ : हा कलकत्त्याचा. तिकडं पोर जन्मलं की आधी बॉलला लाथ मारतं. हे वरचं कातडं बघ, पुढून मागपर्यंत एकसंध. अंगठा दाब. सुरकुती आली? सोड. गेली? हे खरं कातडं. तळ शिवलेला आहे, चिकटवलेला नाही. आतला सुकतळाही चामड्याचा. आणि हा आग्र्याचा. वाईट नाही, बरं का. मी वाईट माल ठेवत नाही. पण हे कातडं जाड आहे, वरून रंगाचा थर मारलाय. पुढं पत्र्यासारखी टोपी. टाचेत पुठ्ठा. काम देतो, पण पायाला जुळवून घेत नाही. पायानंच त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

गोदूबाई : पन हा जास्त चकाकतो.

चिंतूशेठ : रंगामुळं.

गोदूबाई : आन वजनाला पन भारी हाय. हे बग, ह्या हातात कलकत्ता, ह्या हातात आग्रा. आग्रा भरतो.

चिंतूशेठ : हलका तोच महाग, मावशी. हलक्या बुटानं पळता येतं.

गोदूबाई : वजनाला कमी आन भावाला जास्त! हा धंदा मला शिकव रे बाबा. मी उद्यापासनं फक्त काटे विकते.

जयवंती : आई, मासा नाय तो. तराजूत काय घालताय?

गोदूबाई : माल तो माल. आन हे बग, आता मी ह्या कलकत्त्याचं सांगते. सोमवारी तू काय बोललास? ताजा माल, कालच पेटी फोडली.

चिंतूशेठ : हो. म्हणजे, आसपास.

गोदूबाई : डावा बूट उजेडात धर. आता उजवा धर. उजवा काळा हाय आन डावा पालीसारका. डावा उनाला बसलेला हाय. तू हा एक बूट खिडकीत टांगला होतास, काचेत. मागच्या दिवाळीत मी येताजाता बगितलाय तेला. तेव्हा एकटाच लटकत होता.

चिंतूशेठ : शो म्हणून ठेवला होता. तारापूरच्या बंगाली बाबूंनी बघावा म्हणून.

गोदूबाई : बगितला?

चिंतूशेठ : रोज बघायचे.

गोदूबाई : आन?

चिंतूशेठ : आणि चपला घेऊन जायचे. ते लोक गावाहून येतानाच बूट घेऊन येतात. मला काय माहीत? मला वाटलं, एवढे बंगाली आलेत, एक तरी जोड जाईल.

गोदूबाई : म्हंजे शिळा हाय. शिळा बूट मला ताजा म्हनून गळ्यात मारतोस? मी मासे विकते रे. कल्ला न उचलता सांगते, कुटला कवाचा.

चिंतूशेठ : शिळा असला तरी माझ्याकडे असताना त्याला वास नव्हता.

जयवंती : शेठ, ते राहूदे. तेलानं काय झालं, ते बघून सांगा. उद्या खेळता येईल का ह्यात?

चिंतूशेठ : बघतो. एक फडकं द्या. आग्र्याला आधी बघू. हं. हा काय, तेल सगळं वरच राहिलंय. रंगानं आत घेतलंच नाही. पुसलं की झालं. उलट जरा जास्तच चमकतोय. मावशी, हा मी परत घेतो. आत्ता, ह्या क्षणी.

गोदूबाई : बगा! आता कसं नाक उगडलं!

चिंतूशेठ : आणि कलकत्ता... अरे देवा.

जयवंती : काय झालं?

चिंतूशेठ : हा प्यायलाय. सगळं तेल प्यायलाय. चांगलं कातडं पितं ना! हे बघा, हात लावा. पायमोजा झालाय नुसता. लाकडी साचा घालून बघतो. सोमवारी हाच साचा ठोकून घालावा लागला होता. आता हा... हा पोटात गेला, आवाजसुद्धा नाही. आणि खालचे खिळे बघा. ही गोटी हलते. ही पण. चामडं सुजलं, खिळे सैल झाले. पहिल्या लाथेला बॉल एकीकडं आणि गोट्या एकीकडं.

जयवंती : मग उद्या?

चिंतूशेठ : वहिनी, खोटं कशाला बोलू? माल चांगला होता म्हणूनच असं झालं. मध्यम मालाला काही होत नाही, त्याला काही लागतच नाही. पण हा मी परत घेणार नाही. मावशी, नियम तुझाच. हळद-मीठ लावलेला पापलेट.

गोदूबाई : मंग आमी दोनी ठेवायचे? आमाला काय चार पाय हायत?

जयवंती : आई, एक विचारू?

गोदूबाई : विचार.

जयवंती : रागावणार नाय?

गोदूबाई : ते विचारल्यावर सांगेन.

जयवंती : तुमी मुद्दाम लावलं का तेल?

गोदूबाई : काय मुद्दाम?

जयवंती : उद्या त्यांनी खेळू नये म्हणून. मी माहेरी गेले, ते समुद्रावर गेले, घरात तुमाला अडवणारं कोणी नाय. आणि नेमकं त्याच दिवशी तुमाला कातडं कोरडं दिसलं.

चिंतूशेठ : मी जरा चहा सांगून येतो.

गोदूबाई : बस खाली! दुकान तुजं हाय. ऐक आता तू पन. मुद्दाम करायचं असतं ना ग, तर घरामागं समुद्र हाय. चार बूट भरतीला दिले असते तर ओहोटीला दिसले नसते. तेल कशाला वाया घालवू? डब्यात थोडंसंच उरलेलं, होडीसाठी ठेवलेलं. ते ह्या बुटांनी संपवलं.

जयवंती : मग कशाला लावलंत?

गोदूबाई : तुला म्हाईत नाय? तीन वर्सं झाली तुला आमच्या घरात. होडी पान्यात सोडतात तेव्हा नारळ बाप्ये फोडतात, गुलाल बाप्ये उडवतात, दारू पन बाप्येच पितात. पन तेलाचा पयला हात कुनाचा? घरातल्या मोठ्या बाईचा. माज्या सासूनं मरताना तो मान मला दिला. मी पयला हात मारते, मंग बाकीचे लावतात. लाकडाला पानी लागू नये, किडा लागू नये, म्हनून. मला बूट कुटं कळतात? मी जलमात पायात काय घातलं नाय. घरातनं काय बाहेर जायचं असलं की तेला मी तेल लावते. मला तेवडंच येतं.

जयवंती : आई...

गोदूबाई : लावताना शिव्या देत होते, ते खरं हाय. तुला देत होते, तेला देत होते, त्या घोषालाला तर सगळ्यात जास्त. पन हात नीट मारला. एक कोपरा सोडला नाय.

चिंतूशेठ : तेवढा सोडला असतास तर बरं झालं असतं.

गोदूबाई : तू मदे बोलू नको.

जयवंती : मला भीती वाटते हो. तुमच्यासारखी मी नाय. दिवाळीनंतर वादळ झालं, आपली होडी आली नाय, सगळ्यांच्या आल्या. तुमी वाळूत बसून जाळं विणत होता. एकदा तोंड वर केलं नाय. मी होडग्याच्या आडोशाला जाऊन ओकत होते. मला तेव्हा तुमचा इतका राग आला! वाटलं, ही बाई हाय का दगड. पोटचा मुलगा आत हाय आणि हिला जाळ्याची पडलीय.

गोदूबाई : सुईत सूत नव्हतं ग.

जयवंती : काय?

गोदूबाई : जाळ्याची सुई होती ना हातात. तिच्यात सूत नव्हतं. संपलेलं. कवा संपलं म्हाईत नाय. रिकामीच चालवत होते. बाया बगत होत्या, तांडेलाची आय हातपाय गाळून बसली असं कोनी बोलू नये, म्हनून हात चालू ठेवले.

जयवंती : मला का नाय सांगितलंत?

गोदूबाई : काय सांगू? तू खाडीकडची. तुमच्या माकुणसारच्या खाडीत गुडग्याएवडं पानी, पडला तर कपडे भिजतात. तुला घाबरायला मोकळीक हाय. मी घाबरले तर होडीवर जानार कोन? माज्या म्हाताऱ्याचे डोळे गेले, तेला ताटातला बोंबील दिसत नाय, चांदण्या काय दिसनार? एकनाथ गेला की होडी दुसऱ्याच्या हातात. दुसऱ्याची मानसं तिला पान्यातनं वर तरी ओढतील का, तेल तरी लावतील का? मला होडी मोडायची भीती वाटते. तुला नवरा जायची. दोगी घाबरट. आता बस.

चिंतूशेठ : मावशी, चहा खरंच सांगू का? तुम्हा दोघींना पाणी तरी...

गोदूबाई : सांग. साखर जास्त घाल, बोल तेला. आन तो कलकत्ता इकडं दे.

चिंतूशेठ : कशाला?

गोदूबाई : घालून बगते.

जयवंती : तुमी?

गोदूबाई : मंग कोन? एकनाथचा पाय माजाच हाय. बाकी सगळं बापाचं घेतलं, पाय माजा. हे बग, अंगठा एकीकडं, करंगळी एकीकडं, मदे होडी लागेल. मोज पायजे तर. सोमवारी तेला कुटं लागला होता?

जयवंती : कलकत्ता करंगळीला. आग्रा टाचेला, सोलून निघाली. पण कलकत्ता करंगळीला लागला तरी म्हणाले की हाच.

(गोदूबाई पायरीवर बसते, लुगडं आवरून घेते आणि एका पायात कलकत्त्याचा, एका पायात आग्र्याचा बूट चढवते.)

चिंतूशेठ : मावशी, आत ये, आत. लोक बघतायत.

गोदूबाई : बगूदे. ए, काय बगतोस रे टांगेवाल्या? तुज्या आयला पाय नायत? चल, हाक घोडा! जयवंती, नाडी बांद. मला नाय येत. आवळ. अजून आवळ. सोड आता हात, चालते.

जयवंती : सावकाश. गोट्या घसरतात ओट्यावर.

गोदूबाई : होडीवर चाललेली बाई हाय मी. हं. अग... हा आग्रा चावतो ग. हा मागनं धरतो, कुत्र्यासारका. पयल्याच पावलाला. आन पुडं एवडा टनक हाय का आपला पाय हाय का कुनाचा, कळत नाय.

चिंतूशेठ : आणि कलकत्ता?

गोदूबाई : थांब. चालूदे मला.

जयवंती : करंगळीला लागतो?

गोदूबाई : नाय लागत.

जयवंती : कुठंच?

गोदूबाई : कुटंच नाय. ओहोटीला ओल्या वाळूत चालतो ना आपन, तसं लागतंय. ह्यानं माज्या पायाला जागा दिली. चिंतू, तो बॉल हाय ना तुजा, दारात टांगलेला?

चिंतूशेठ : तो विकायचा आहे, मावशी.

गोदूबाई : खात नाय तुजा बॉल. काड खाली. ठेव हितं. जयवंती, बाजूला हो.

चिंतूशेठ : मावशी, हळू! समोर काच आहे! मावशी!

जयवंती : अगबाई!

चिंतूशेठ : तो गेला. तो पार भाजीवाल्यांच्या पलीकडं गेला. ए, पकडा रे तो बॉल! माझा आहे!

गोदूबाई : बॉल कुटं लागला ते कळलं.

जयवंती : काय म्हणालात?

गोदूबाई : खरं बोलला तो. बॉल पायाला कुटं लागला ते कळतं ह्यात. अंगठ्याच्या मागं लागला. हितं.

चिंतूशेठ : आणि ही गोटी निघाली. ही बघ, माझ्या गल्ल्यापाशी येऊन पडली.

गोदूबाई : दे इकडं. समोरच्या मोच्याला हाक मार. सगळे खिळे काडून नवे मारूदे, लांब मारायला सांग, चामडं सुजलंय तर खिळा पन तेवडाच पायजे. आन हे नाडीचे बंद पन जुनेच, खिडकीतले, हात लावला तर तुटतील. ते नवे दे. मोजे दे.

चिंतूशेठ : म्हणजे कलकत्ता ठेवताय?

गोदूबाई : कलकत्ता.

जयवंती : आई, नक्की ना?

गोदूबाई : दोनदा विचारू नको, मत बदलेल. चिंतू, ठरलेला भाव घे, वर एक पैसा मागू नको. शिळा माल हाय. खिळे, नाड्या, मोजे तुजे. आन आग्रा पुसून परत घे. तेला काय झालेलं नाय, तूच बोललास.

चिंतूशेठ : वासाचं काय?

गोदूबाई : सातपाटीचाच कोन गिऱ्हाईक बग. तेला वाटेल नवा कोरा हाय.

चिंतूशेठ : मावशी, तू बाजारात बसतेस ते बरंय. दुकान टाकलं असतंस तर मी पाटी घेऊन फिरलो असतो.

गोदूबाई : फिरला असतास तर चड्डी कुनी धरली असती? जा, मोच्याला बोलाव. आन बॉल शोद तुजा.

चिंतूशेठ : जातो. गल्ल्याकडं लक्ष ठेवा. नाही, लक्ष नको. कुलूप लावतो.

जयवंती : आई, पाय इकडं करा. नाडी सोडते.

गोदूबाई : राहूदे जरा. आग्रा काड, कलकत्ता राहूदे. बरं वाटतंय.

जयवंती : त्यांना घेतलं टीममध्ये, तर होडीचं काय करायचं?

गोदूबाई : म्हाईत नाय.

जयवंती : माझा भाऊ येईल म्हणाला होता मदतीला.

गोदूबाई : तो? तेला भरतीत उलटी होते. नको. बगू. जेटीवर विचारीन कुनाला तरी, चांगल्या घरातला. तेल मात्र मीच लावनार, होडी कुनाच्या पन हातात असूदे. ते सांगूनच देईन.

जयवंती : मी पण लावेन तुमच्याबरोबर.

गोदूबाई : तुला वास येतो.

जयवंती : येतो. लावेन तरी.

गोदूबाई : उद्या कवा निगायचं?

जयवंती : कुठं?

गोदूबाई : बोईसरला. कुटं म्हंजे?

जयवंती : तुमी येणार? सामन्याला?

गोदूबाई : पाटी घेऊन येईन. बंगाली मानसं मासे सोडत नायत. विकायला आले बोलू. मैदानाच्या कडेला बसेन.

जयवंती : त्यांना लगेच कळेल, तुमी का आलात ते.

गोदूबाई : कळूदे. तू दुसरीकडं कुटं बसू नको, माज्या बाजूलाच बस. मी काय देव नाय जयवंती. तो खेळत असताना, हरूदे मेला, येऊदे परत होडीवर, असं माज्या तोंडावर दिसलं ना, तर मला चिमटा काड. जोरात काड.